झेंड्याचा मान

सन अडतीस सालात मावळ कुमार पथकात पोरं होती सव्वीस, आणि त्या सव्वीस पोरांचा कारभार पाहायला मोठी माणसं होती एकोणीस. अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, कारण एकच नेमला असता तर दुसरा रुसला असता. शिवाय चिटणीस, सहचिटणीस, आश्रयदाते, सल्लागार आणि एक कोठीप्रमुख. कोठी म्हणजे काय, तर एक ड्रम, सव्वीस काठ्या आणि चुन्याची फक्की भरलेली एक बादली. तरी कोठीप्रमुखांनी किल्ली जानव्याला बांधली होती. पोरांना डावा पाय कोणता आणि उजवा कोणता हे नक्की कळायच्या आत पथकाची घटना छापूनसुद्धा आली. तिच्यात कलमं एकेचाळीस.

पथक काढलं होतं लोणावळ्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी. देशातल्या तरुणांना शिस्त हवी, याबद्दल त्यांचं एकमत होतं; बाकी कशाबद्दलच नव्हतं. आज्ञा इंग्रजीत द्यायच्या की मराठीत, यावर तीन बैठका झाल्या, दोन जण बोलेनासे झाले, आणि मग ‘सावधान’ नि ‘विश्राम’ एकदाचे मंजूर झाले. अध्यक्ष चिंतामणराव वकील. माणूस सज्जन, पण कलम सापडल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसे. चिटणीस गोपाळकृष्ण मास्तर, शाळेतले. बैठकीत जे जे बोललं जाई ते ते लिहून घेता घेता बिचाऱ्यांचं स्वतःचं बोलायचं राहूनच जाई.

आणि या सगळ्यांच्या खाली, खरं म्हणजे या सगळ्यांना डोक्यावर घेऊन, उभा होता लोणावळ्याजवळच्या औंढे गावचा दत्तोबा हवालदार.

दत्तोबा पलटणीतला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाची वाळू खाऊन आलेला. वीस साली घरी परतला तो छातीवर दोन पदकं आणि नरड्यात खणखणीत आवाज घेऊन. पदकं ट्रंकेत गेली. आवाजाचं काय करायचं ते मात्र त्याला कळेना. भाताची दोन खाचरं आणि दोन म्हशी, एवढा त्याचा संसार. म्हशी कुणाचा हुकूम ऐकत नाहीत हे जगजाहीर आहे. बायको रतनबाई तर म्हशींच्या वरताण. दत्तोबानं एखादी गोष्ट जरा जोरात सांगितली की ती म्हणायची, मी बहिरी न्हाई आणि हे बसरा न्हाई. गावात कुणी त्याची लढाईतली गोष्ट ऐकायला बसलाच तर निम्म्यात जांभई द्यायचा. अशी अठरा वर्षं गेली हो. अठरा वर्षं माणूस आपला आवाज गिळून बसला.

मग पथक निघालं, मास्तर त्याला शोधत औंढ्याला आले आणि दत्तोबा कवायत-शिक्षक झाला. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी माळावर उभा राहून तो ‘सावधान’ म्हणायचा आणि सव्वीस पोरांच्या टाचा एकदम जुळायच्या. त्या एका आवाजासाठी तो जगत होता म्हणा ना. सोमवार संपला की त्याला गुरुवारचे डोहाळे लागायचे. रतनबाई हसायची, पण रविवारी न सांगता त्याची खाकी धुऊन, तांब्यात निखारे घालून तिला इस्त्री करून ठेवायची.

कमिटीच्या बैठका वकिलांच्या बंगल्याच्या ओसरीवर होत. दत्तोबाची जागा दाराजवळ, जोडे काढून ठेवतात तिथं. कलम बावीसप्रमाणे शिक्षकानं विचारलं तर बोलावं, आणि मत देऊ नये. दत्तोबाला त्याचं काही वाटत नसे. पलटणीत तरी हवालदाराला कोण विचारत होतं! पण पलटणीत एक गोष्ट पक्की होती. मैदानावर आवाज एकाचाच.

इथं भानगड झाली ती मानाची. पथक चालायचं लोकांच्या आधारावर, आणि आपल्याकडे आधार दिला की त्याचा मान येतो. औंढ्याच्या सोपान पाटलांनी कवायतीला आपला माळ दिला. तेव्हा झेंडा त्यांच्या घरचा. एका दुकानदारानं खाकी कापडाचा तागा दिला. त्याचा पुतण्या रांगेत पहिला. लाकडाच्या वखारवाल्यानं काठ्या दिल्या. त्याचा मुलगा दुसरा. जत्रेत पालखीपुढे कुणी चालायचं, मग कुणी, हे जसं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं, तशी पथकाची रांग ठरली. उंचीबिंची कोण बघतो? लांबून पाहिलं की रांग पडक्या कुंपणासारखी दिसायची. दत्तोबाच्या जिवाची तगमग व्हायची, पण ठराव झालेला. ठरावावर बोलायला त्याला कलम नव्हतं.

झेंडा दसऱ्याला पाटलांच्या देवघरात पुजला गेला आणि तिथंच राहिला. तो उचलणार पाटलांचा नातू बजरंग. वय तेरा, पोरगं गुणी, अबोल. काठी घेऊन मागच्या रांगेत उभं केलं तर झकास चालायचं. पण हातात झेंडा आला आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत असं कळलं की त्याचं काहीतरी बिनसायचं. डाव्या पायाबरोबर डावा हात पुढे, उजव्या पायाबरोबर झेंड्यासकट उजवा. तुम्ही मुद्दाम तसं चालून बघा, चार पावलांत तोंडावर आपटाल. हा गडी माळभर तसाच चालायचा, कपाळावर घाम, नजर आपल्या अंगठ्यावर. आणि मागची पोरं त्याचे पाय बघून चुकायची. तिसऱ्या मिनिटाला पथकाचं पथक बाजारातून परतणाऱ्या लोकांसारखं वाटेल तसं चालत असायचं.

ड्रम होता नथूकडे. गावात त्या ड्रमला ताशाच म्हणत. नथू हौशीरामचा मुलगा, आणि हौशीरामचं घर हलगीचं. लग्न असो, जत्रा असो, हलगी त्यांनी वाजवायची आणि वाजवून झाली की गावकुसाबाहेर आपल्या घरी जायचं. घटनेचं तिसरं कलम सांगायचं की पथकात जातपात मानली जाणार नाही. ठळक अक्षरात छापलं होतं. पण ड्रम आणला तेव्हा तो कुणी वाजवायचा हे एकाही माणसानं विचारलं नाही. हौशीरामच्या पोराला बोलावणं गेलं, बस्स. नथू रांगेपासून चार पावलं दूर उभा राहायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि जवळ ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. दत्तोबानंसुद्धा नाही. मेसोपोटेमियात एका पखालीतलं पाणी कुणाकुणासोबत प्यायलेला हा माणूस, रोज ती चार पावलं बघायचा, मनात लाजायचा आणि गप्प बसायचा. हे त्याचं चुकलंच.

मार्गशीर्षात पुण्याच्या मध्यवर्ती मंडळाचं पत्र आलं. पौषातल्या पहिल्या रविवारी तपासनीस येणार. पथक पसंत पडलं तर मान्यता. नाही पडलं तर पथक मोडायचं आणि त्यातली निवडक आठ पोरं तळेगावच्या पथकाला जोडायची. वकिलांना त्यात फारसं वाईट काही दिसलं नाही. तळेगावच्या कमिटीतही जागा रिकाम्या असतील असं ते म्हणाले. दत्तोबाला मात्र त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. औंढ्याची पोरं सकाळी गुरं सोडून येणारी. ती कुठली तळेगावला जातात? आणि तळेगावला शिक्षक होताच. म्हणजे पुन्हा म्हशी, आणि पुन्हा तो गिळलेला आवाज.

त्यानं पोरांना पिळून काढलं. आठवड्यात दोनऐवजी चार कवायती. सगळं सुधारलं, बजरंगाचे हात तेवढे सुधारेनात. रागावून झालं, समजावून झालं, बाजूला घेऊन एकट्याला चालवून झालं. एकट्याला तो उत्तम चालायचा. रांगेपुढं आला की मेला.

अशात एका गुरुवारी कवायत उरकून दत्तोबा बांधाकडेनं घरी चालला होता, तर बांधामागून ताशाचा आवाज. नथूच असणार म्हणून तो डोकावला. नथू होता, पण गवतात मांडी घालून बसलेला. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर दोन काटक्यांनी वाजवत होता बजरंग. आणि काय वाजवत होता म्हणता! ठोका इकडचा तिकडे होत नव्हता. वाजवता वाजवता तो उठून चालायला लागला, डबा पोटाशी धरून, मान वर करून, हसत. हात आपल्या जागी, पाय आपल्या जागी. नथू गवतातून उठला, बजरंगाची बाजूला टाकलेली काठी झेंड्यासारखी छातीशी धरली आणि त्याच्या पुढे असा ताठ चालला की दत्तोबाला आपल्या पलटणीतला निशाणवाला आठवला.

दत्तोबा पाय न वाजवता मागे सरकला. घरी येऊन रतनबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. पाटलाच्या पोरानं ताशा गळ्यात घालायचा आणि देवघरातला झेंडा हौशीरामच्या पोराच्या हातात द्यायचा, एवढं तिला न सांगता कळलं. ती म्हणाली, हे डोक्यातनं काढून टाका, आपल्याला ह्याच गावात राहायचंय.

त्यानं काढून टाकायचा प्रयत्न केला. नाहीच निघालं. मग पुढच्या बैठकीला त्यानं जोड्यांजवळून हात वर केला. बोलायची परवानगी द्यावी की नाही यावर थोडी चर्चा होऊन ती मिळाली. झेंडा दुसऱ्या कुणाला देऊन बघावा, एवढंच तो म्हणाला. कुणाला, हे म्हणायची त्याची छाती झाली नाही. सोपान पाटील समोरच बसले होते. सत्तरीचा माणूस, पांढऱ्या मिशा, हातात घुंगराची काठी. ते आवाज न चढवता म्हणाले की झेंडा आमच्या घरातनं गेला तर माळबी आमच्या घरातच येईल. झालं! ओसरीवर सगळ्यांना एकदम खोकला आला. वकिलांनी घटना चाळून सांगितलं की कलम चौदाप्रमाणे एकदा झालेला ठराव सहा महिने पुन्हा विचारात घेता येत नाही. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी चहा मागवला.

तपासणीचा रविवार उजाडला. कमिटीनं तयारी केली होती ती व्याही येणार असल्यासारखी. माळाच्या कडेला मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांचाही मान ठरलेला. पानसुपारी, गुलाबदाणी, रव्याचे लाडू. गाव झाडून लोटलं होतं, आणि पार पलीकडे, बाभळीखाली, हौशीराम नि त्याच्या घरची माणसं उभी होती. तपासनीस निघाले एक निवृत्त कॅप्टन, किडकिडीत, डोळे बारीक. त्यांनी लाडू नको म्हटला तेव्हाच कमिटीचं अर्धं अवसान गळालं.

चुन्यानं आखलेल्या रेघेच्या आत पथक उभं होतं. पुढे झेंडा घेऊन बजरंग. चार पावलं दूर ताशा घेऊन नथू. दत्तोबानं हुकूम दिला, ‘पुढे चल’, आणि बजरंगाचा डावा हात डाव्या पायाबरोबर पुढे गेला.

मग जे व्हायचं ते झालं. पहिली रांग चुकली, तिला बघून दुसरी चुकली, वळणावर वखारवाल्याचा मुलगा कापडवाल्याच्या पुतण्याच्या टाचेवर चढला. गावातली माणसं हसायला लागली. बजरंगाचे कान लाल झाले. कॅप्टननी खिशातून वही काढली आणि काहीतरी लिहिलं. एकच शब्द असावा, कारण लगेच वही मिटली.

दत्तोबाला ती मिटलेली वही दिसली. आपलं पथक गेलं, हे त्याला स्पष्ट कळलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला राग आला तो पाटलांचा नाही, वकिलांचाही नाही, स्वतःचा आला. ही पोरं खाली मान घालून चालताहेत ती आपण जोड्यांजवळ गप्प बसलो म्हणून. मैदानावर आवाज एकाचा असतो असं म्हणायचं, आणि तो एक आवाज आपण कधी काढलाच नाही.

“थांब!” त्याचा आवाज माळभर घुमला.

पथक थांबलं. दत्तोबा बजरंगाजवळ गेला, वाकला आणि हळू विचारलं, “ताशा घेशील?”

पोरानं आधी मांडवात आजोबांकडे पाहिलं, मग ताशाकडे. “घेतो,” तो म्हणाला.

दत्तोबा ती चार पावलं चालून नथूकडे गेला. “झेंडा पेलंल तुला?”

“पेलंल,” नथू म्हणाला. मग बाभळीकडे बघत पुटपुटला, “पर बा मारंल.”

“तुझ्या बाला मी बघतो.”

आणि त्यानं आपल्या हातांनी नथूच्या गळ्यातला पट्टा काढून बजरंगाच्या गळ्यात घातला, बजरंगाच्या हातातला झेंडा नथूच्या हातात दिला, आणि नथूला रांगेच्या अगदी पुढे, मधोमध उभं केलं. माळावर इतकी शांतता झाली की मांडवाचं कापड फडफडलेलं ऐकू आलं. सोपान पाटील खुर्चीतून उठले. त्यांच्या हातातली काठी खाली पडली, तिचे घुंगरू वाजले, ती उचलायला कुणी वाकलं नाही. बाभळीखाली हौशीराम मटकन खाली बसला. दत्तोबानं कुणाकडेच बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचा हुकूम निघाला नसता.

बजरंगानं पहिला ठोका दिला. मग दुसरा. आणि पथक चाललं. कसं चाललं म्हणून सांगू! बावन्न पायांचा एक पाय झाला. झेंडा दगडात रोवल्यासारखा सरळ, आणि ताशावाला पोरगा मान वर करून, थेट आपल्या आजोबांसमोरून, हसत गेला. मघाशी हसणारा गाव आता टाळ्या वाजवायच्या की नाही या विचारात पडला होता. म्हाताऱ्या बयाबाईनं, जिला कमिटी, कलम कशाचाच पत्ता नव्हता, पहिली टाळी वाजवली. मग मात्र कुणी थांबेना.

कॅप्टननी वही पुन्हा उघडली, आधीचा शब्द खोडला आणि जरा सविस्तर लिहिलं. जाताना मान्यता मिळाल्याचं सांगून गेले, आणि खुर्च्यांची अख्खी रांग ओलांडून दत्तोबाशी हात मिळवून गेले. एवढं सगळं छान झालं. आणि त्यानंतर अर्ध्या तासात, त्याच मांडवात, कमिटीनं बैठक भरवून दत्तोबाला काढून टाकलं.

वकिलांना खरोखर वाईट वाटत होतं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते की व्यक्तिशः त्यांना कवायत फार आवडली. पण ठराव मोडला होता, सगळ्यांच्या देखत मोडला होता, आणि ठराव मोडणाऱ्याला काढायला सांगणाऱ्या कलम सतराला दुसरा अर्थ नव्हता. शिवाय माळ गेला तर पथक कुठं उभं करणार? अकरा जण हजर होते. नऊ हात वर गेले. मास्तर लिहितच राहिले, त्यांनी हात वर केला नाही आणि मानही. सोपान पाटलांचा हात काठीवरच होता. ते मत न देता, कुणाशी न बोलता, उठून घरी गेले. त्यांच्या त्या पाठीकडे बघून सगळ्यांनी समजायचं ते समजलं. दत्तोबानं गळ्यातली शिट्टी काढून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. दत्तोबानंच त्यांच्या पाठीवर थोपटलं.

घरी रतनबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सांगितलं होतं, एवढंसुद्धा म्हणाली नाही. त्यावरून तिला किती लागलं होतं ते त्याला कळलं. सोमवारी कवायत झालीच नाही. मंगळवारी दत्तोबानं गोठा सारवला, बुधवारी सारवलेला गोठा पुन्हा सारवला. पथक वाचलं, पोरं औंढ्यातच राहिली, हे चांगलंच झालं, असं तो स्वतःला समजावत होता आणि ते खरंही होतं. पण रात्री कूस बदलताना त्याला वाटायचं, एकदा तरी, एकदाच, ते पथक तसं चालताना आपण हुकूम द्यायला हवे होते. त्या दिवशी भीतीनं त्यानं नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो म्हशीला वैरण टाकत होता तेव्हा माळावरून ताशा ऐकू आला. नवा शिक्षक आला असेल. लोणावळ्याच्या तालमीतला एक जण कमिटीनं नेमल्याचं कानावर आलंच होतं. जायचं नाही असं ठरवून तो पेंढी सोडत राहिला. ठोका मात्र नुसता जागच्या जागी पडत होता. पथक उभं होतं, चालत नव्हतं. असा अर्धा तास गेला. शेवटी रतनबाईच आतून खाकी घेऊन आली, इस्त्री केलेली, आणि ती त्याच्या खांद्यावर टाकून म्हणाली, निस्तं बघून तरी या.

बांधावरून त्यानं बघितलं. पथक रांगेत उभं होतं, उंचीप्रमाणे. कुणी लावलं कुणास ठाऊक. पुढे नथू, हातात झेंडा. बाजूला बजरंग ताशा घेऊन, आणि त्याच्याशेजारी हौशीराम त्याचं मनगट धरून काडी कशी सैल सोडायची ते दाखवत होता. पोरांसमोर शिक्षकाची जागा रिकामी होती. आणि चुन्याच्या रेघेच्या बाहेर, काठीवर दोन्ही हात ठेवून, सोपान पाटील उभे होते.

दत्तोबा परत फिरणार होता, पण पाटलांनी त्याला पाहिलं.

“हवालदार, पोरं कवाधरनं उभी हायेत.”

“आबा, मला काढलंय. ठराव झालाय.”

“ठराव लोनावळेकरांचा हाय. माळ औंढ्याचा हाय.”

तो तालमीतला माणूस आला होता, असं पाटलांनी सांगितलं. त्याला चहा पाजून परत पाठवला. वकिलालाही निरोप गेलाय, की कागदावर तुमी कुणालाबी नेमा, माळावर दत्तोबाच उभा राहील. एवढं बोलून म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

“त्या दिशी तू गावाम्होरं माझ्या नातवाच्या गळ्यात वाद्य घातलंस. लय लागलं मला. घरी जाऊन जेवलो न्हाई.”

दत्तोबा खाली बघत म्हणाला, “लागनारच आबा. माफी मागतो. पर परत येळ आली तर परत घालीन.”

“ठावं हाय.” पाटील माळाकडे बघत राहिले. “चार दिस झालं, पोरानं घरातलं एक भांडं वाजवायचं सोडलं न्हाई. त्याला इचारलं, काय मिळतं रं तुला ह्यात? म्हनला, आबा, मी वाजवतो तवा समदे चालत्यात.” “जलमात त्यो माझ्याशी एवढं बोलला न्हवता.”

मग ते म्हणाले, “झेंडा आज सकाळी म्या दिलाय. देवघरातनं काढून, उंबऱ्यावर, माझ्या हातानं नथूच्या हातात. त्यो मान आमच्या घरचाच हाय, कुनाला सोडनार न्हाई. पर मान काय निस्ता मिरवायचाच असतो व्हय? द्यायचाबी असतो. आता हुभा ऱ्हा तितं. पोरं ताटकळल्यात.”

दत्तोबानं बांधावरच अंगात खाकी चढवली. रेघ ओलांडून तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. सव्वीस पोरं त्याच्याकडे बघत होती. मास्तरही लगबगीनं, धापा टाकत, हातात शिट्टी घेऊन रेघेपर्यंत पोचले होते. त्यानं तोंड उघडलं, आणि आवाजच येईना. मेसोपोटेमियात तोफांच्या वर चढलेला आवाज, अठरा वर्षं गिळलेला आवाज, आता द्यायचा म्हटला तर नरड्यात अडकून बसला. पोरं हलली नाहीत. वाट बघत राहिली. त्यानं एकदा खाकरलं, बाहीनं डोळे पुसले, सगळ्यांच्या देखत पुसले, आणि पुन्हा खाकरलं.

“पथक, सावधान!”

टाचा जुळल्या. एकदम, एका आवाजात. आणि रेघेबाहेर, वहाणा काढून बाजूला ठेवून, सत्तर वर्षांचे सोपान पाटील पाय जुळवून ताठ उभे होते, पुढच्या हुकुमाची वाट बघत.